बाखचा बी मायनर मास: आठ महिने, चार ध्वनिमुद्रणे आणि मध्येच येणारी शांतता

दिवाळीत साडेसात हजार रुपये मोजून पेनड्राइव्हवर चालणारा प्लेअर घेतला, तो मुख्यतः बाख या जर्मन संगीतकाराच्या बी मायनर माससाठी, म्हणजे ख्रिस्ती उपासनेच्या पारंपरिक शब्दांवर समूहगान आणि वाद्यवृंदासाठी बांधलेल्या रचनेसाठी. अनेक वर्षांत जमवलेल्या सीडींच्या एमपी३ फाइली करून घेतल्या. संचालक आणि ध्वनिमुद्रणाचे वर्ष असे: क्लेम्पेरर (१९६७), रिश्टर (१९६१), गार्डिनर (१९८५) आणि रिफ्किन (१९८२). मूळ रचनेची सविस्तर ओळख येथे करून देत नाही; ज्यांनी ती ऐकली आहे, त्यांच्यासाठीच हे लिहीत आहे.

आवाज चांगला, बटणे सोपी, वीज गेल्यावर बॅटरीवर तीन तास चालतो. एवढे सांगून मुख्य तक्रारीकडे येते. एक फाइल संपून दुसरी सुरू होताना हा प्लेअर क्षणभर गप्प होतो. क्रेडो या श्रद्धा जाहीर करण्याच्या मोठ्या विभागात ‘कॉन्फिटेऑर’ हा भाग संपत येतो तेव्हा पाच आवाजांचे गुंतलेले गायन एकाएकी संथ होते, स्वर अनोळखी वाटांनी चाचपडत उतरतात, आणि मृतांच्या पुनरुत्थानाची वाट पाहण्याचे तेच शब्द पुन्हा येतात ते ट्रम्पेट आणि नगाऱ्यांसह. अंधारातून उजेडात जाण्याची ही पायरी बाखने कोठेही तोडलेली नाही. माझ्या चारही संचांत नवा ट्रॅक नेमका त्या पायरीवरच सुरू होतो.

माझे वडील भजनी मंडळात टाळ धरत. अभंगाचे शेवटचे चरण गजरात मिसळताना एकाही टाळकऱ्याचा हात थांबत नसे, आणि थांबला असता तर गजर चढलाच नसता. ‘कॉन्फिटेऑर’पाशी मला दर वेळी तो थांबलेला हात दिसे.

भुसावळहून जळगावच्या सेवा केंद्रात दोन हेलपाटे घातले, दोन्ही वेळी अर्धा दिवस मोडला. तेथे एक चित्रपटगीत लावून दाखवण्यात आले आणि दोन गाण्यांमध्ये थोडी जागा असणारच, असे सांगून प्लेअर परत हाती दिला. गाण्यांपुरते ते खरे आहे, पण सव्वीस-सत्तावीस भागांची ही एकच रचना आहे, हे मला तेथे कोणाला पटवून देता आले नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

या काळात ध्वनिमुद्रणांविषयीचे माझे मतही बदलले. क्लेम्पेररचा संच मी वर्षानुवर्षे सर्वांत वर ठेवला होता. त्याची संथ, भारदस्त गती मला श्रद्धेची गती वाटे. रिफ्किनने प्रत्येक आवाजासाठी एकच गायक घेतला आहे, आणि पहिल्या दोन महिन्यांत ते मला कोरडे वाटले, कारण समूहगान म्हटले की दिंडीइतकी माणसे हवीत, अशी माझी समजूत होती. मे महिन्यात दिवसभर कूलरची घरघर असे, त्यात संथ भाग बुडून जाई, म्हणून पहाटे पाचला ऐकू लागले. त्या शांततेत ‘कॉन्फिटेऑर’मधली जुनी ग्रेगोरियन (चर्चमधल्या गायनाची) चाल प्रथम बास (सर्वांत खालचा आवाज) आणि आल्टो (मधला वरचा आवाज) यांच्यात एकामागून एक आणि मग टेनरमध्ये (पुरुषांच्या वरच्या आवाजात) दुप्पट लांबीच्या स्वरांत येते, ती रिफ्किनच्या ध्वनिमुद्रणात मला पहिल्यांदा स्पष्ट उमगली. क्लेम्पेररच्या मोठ्या समूहात मी तीस वर्षे ती ऐकत होते, पण ओळखत नव्हते. मात्र पायरी ओलांडल्यानंतरचा उजेड गार्डिनरकडेच आहे. त्याचे मॉन्टेवर्डी क्वायर हे गायकवृंद तेथे खरोखर झेपावते. रिश्टर मला दोघांच्या मध्ये राहिल्यासारखा वाटतो.

शेवटी दोषाचे मूळ भाच्याने शोधले. सीडीवर ट्रॅकची खूण केवळ खूण असते, तिच्या आगेमागे आवाज सलग असतो. एमपी३ करताना मात्र प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी कोरी शांतता भरली जाते. ती वगळून वाजवण्याची सोय प्लेअरमध्ये असावी लागते आणि माझ्यात ती नाही. खोक्यावर हे कोठेही लिहिलेले नाही. लिहिले असते तर मी दुसरा घेतला असता. भाच्याने प्रत्येक सीडीची एकच सलग फ्लॅक (आवाजात काहीही न गाळणाऱ्या प्रकारची) फाइल करून दिली, आणि ज्येष्ठातल्या एका पहाटे तो भाग एकदाचा न तुटता ऐकला. रिफ्किन, मग गार्डिनर, मग पुन्हा रिफ्किन.

क्रेडोमधल्याच ‘क्रुसिफिक्सस’ या येशूच्या क्रूसावरील मृत्यूच्या भागानंतर मात्र शांतता हवीच. खर्जातली तीच ओळ तेरा वेळा फिरून आवाज जमिनीला टेकतात, आणि त्यानंतर किती थांबायचे हे ज्याचा त्याचा संचालक ठरवतो. सलग फाइलमध्ये ते अंतरही जसेच्या तसे मिळते.

नवी अडचण अशी की, तासाभराच्या फाइलमध्ये हव्या त्या जागी जाण्यासाठी पुढे नेण्याचे बटण बराच वेळ दाबून ठेवावे लागते. क्लेम्पेररच्या संचातले जॅनेट बेकर या गायिकेचे ‘आग्नुस देई’ हे शेवटाकडचे एकल गीत मी रोज ऐकते, त्यामुळे तेवढी एक फाइल वेगळी काढून घेतली आहे. तिच्या आधीचा ‘ओसाना’ हा भाग पूर्ण थांबलेला असतो, त्यामुळे तेथे काही तुटत नाही.