एक वर्षाचा एमबीए की दोन वर्षांचा? मुलाखतीला जाण्याआधी वाचा

दोन-तीन ठिकाणांहून मुलाखतीचं बोलावणं आलं की माणूस आधी रँकिंग उघडतो. मीही तेच केलं होतं. पाचव्या आणि नवव्या नंबरात फरक काय, हे शोधण्यात अख्खा रविवार गेला आणि हाती काही लागलं नाही. त्यापेक्षा स्वतःला एवढंच विचारा: क्षेत्र बदलायचंय, की आहे त्यातच वर जायचंय?

बदलायचं असेल तर दोन वर्षांचा कोर्स घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. हार्वर्ड, व्हार्टनसारख्या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलमध्ये कोर्स दोन वर्षांचा असतो आणि पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात इंटर्नशिप असते. ज्याने बँकेत कधी पाऊल ठेवलं नाही त्यालाही तिथे काही आठवडे काम करून दाखवता येतं आणि पुष्कळांची नोकरी तिथेच पक्की होते. याउलट फ्रान्समधल्या इन्सिआड या बिझनेस स्कूलचा कोर्स 10 महिन्यांत उरकतो. त्यातही एक मेख आहे. जानेवारीच्या बॅचला मधल्या सुट्टीत इंटर्नशिप जमते, ऑगस्टच्या बॅचला तेवढी सुट्टीच नसते. म्हणजे क्षेत्र बदलणाऱ्याने तिथे कोणत्या महिन्यात शिरायचं, हेही बघायला हवं. जुन्याच क्षेत्रात परतणार असाल किंवा फी तुमची कंपनी भरणार असेल, तर मात्र एका वर्षाचा कोर्स पुरतो. दुसऱ्या वर्षाची फी आणि बुडणारा पगार एका कागदावर मांडून बघा, घाम फुटतो.

आता मुलाखती. त्या तीन तऱ्हांच्या असतात आणि पुढे वर्गात काय वाढून ठेवलंय ते थोडंफार इथेच दिसतं.

हार्वर्डची मुलाखत 30 मिनिटांची. घेणाऱ्याने तुमचा अर्ज नीट वाचलेला असतो. तुम्ही लिहिलेलं असतं, ‘टीमचा विरोध होता, तरी मी प्रकल्प पूर्ण केला.’ तो विचारतो, “विरोध कोणाचा होता?” तुम्ही सांगता. “त्याचं म्हणणं काय होतं?” तेही सांगता. “मग त्याचं कुठे चुकलं?” इथे पाठ केलेलं उत्तर संपतं आणि खरी मुलाखत सुरू होते. तिथला वर्गही असाच चालतो. साधारण 90 जण, समोर एक केस, म्हणजे एखाद्या कंपनीपुढचा खराखुरा पेच, प्राध्यापक अचानक कोणाकडेही बोट दाखवणार आणि बोलण्याला मार्क. त्या उलटतपासणीत मजा आली तर तिथे रमाल. पोटात गोळा आला असेल तर दोन वर्षं कशी काढणार, याचा आधीच विचार करा.

व्हार्टनला पाच-सहा उमेदवार एकत्र बसवतात. विषय आधी कळवलेला असतो, 35 मिनिटं चर्चा, मग 10 मिनिटं एकट्याशी बोलणं. सरावाच्या वेळी सगळ्यात जास्त मीच बोललो आणि खूश होऊन बाहेर आलो. मित्र म्हणाला, “त्या कोपऱ्यातल्या मुलीला तू तीनदा तोडलंस.” मला एकदाही जाणवलं नव्हतं.

इन्सिआडला बहुधा दोन माजी विद्यार्थी वेगवेगळे भेटतात. सूर गप्पांचा असतो, त्यामुळे उमेदवार सैल सुटतो आणि ‘एमबीए आत्ताच का?’ या सरळ प्रश्नावर अडखळतो. पण समोरचा स्वतः तिथे शिकलेला असतो, याचा फायदा घ्या. “दहा महिन्यांत नोकरी शोधायला कधी सुरुवात केलीत?” असं विचारा. माहितीपत्रकात सापडणार नाही असं काहीतरी कळेल.

राहता राहिला प्लेसमेंट रिपोर्ट. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यातल्या टक्केवारीवर लोक भाळतात. ती बहुतेकदा फक्त ‘नोकरी शोधणाऱ्यांची’ असते. कंपनीने पाठवलेले आणि स्वतःचा धंदा काढणारे त्यातून वगळलेले असतात. पगाराचे आकडेही ज्यांनी सांगितले त्यांचेच. त्यामुळे सरासरी सोडा आणि तुम्हाला हव्या असलेल्या क्षेत्रात किती जण गेले, ती ओळ शोधा. मग माजी विद्यार्थ्यांपैकी तुमच्यासारखंच काम सोडून त्या क्षेत्रात गेलेला कोणी गाठा. असा एकही सापडला नाही, तर जागा राखायचं डिपॉझिट भरायची घाई करू नका. आणि डिपॉझिट भरण्याआधी दुसऱ्या कॉलेजने देऊ केलेली स्कॉलरशिप दाखवून इथली वाढवून मागा. फार तर नाही म्हणतील, दिलेली जागा सहसा काढून घेत नाहीत.