काचबिंदूचे थेंब: प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली लॅटॅनोप्रॉस्टची बाटली, काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅटॅनोप्रॉस्ट म्हणजे डोळ्यातलं प्रेशर उतरवणारं औषध. नेहमीच्या बाटलीवरून या बाटलीवर आल्यावर प्रेशर होतं तेवढंच राहिलं आणि डोळ्यांतली चुरचुर गेली. पण लगेच नाही. पहिले काही आठवडे फारसा फरक जाणवत नाही, त्यामुळे "महाग औषध वाया गेलं" म्हणून तिथेच सोडू नका.

चुरचुर होते ती बहुधा नेहमीच्या थेंबांतल्या प्रिझर्व्हेटिव्हमुळे, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइडमुळे (थोडक्यात बीएके). ते साबणासारखं काम करतं. जंतूंचं आवरण फोडतं, तसाच अश्रूंवरचा तेलकट थरही मोडतं आणि डोळा कोरडा पडतो. नेहमीच्या लॅटॅनोप्रॉस्टमध्ये औषध 0.005 टक्के आणि बीएके 0.02 टक्के, म्हणजे औषधाच्या चौपट! खोक्यावर 'बेन्झाल्कोनियम क्लोराइड सोल्यूशन' असं छापलं असेल तर आकडा निम्मा धरा, कारण ते द्रावण साधारण 50 टक्क्यांचं असतं.

प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या बाटलीची खोड तिच्या जंतू अडवणाऱ्या फिल्टरमध्ये आहे. ती कडक असते. नवी उघडल्यावर थेंब यायला बरेच दाब द्यावे लागतात. झटके देऊ नका. उलटी धरून थेंब सुटेपर्यंत संथ दाब ठेवा. संधिवाताच्या बोटांना हे जड जातं. अशांनी आडवं पडून दुसऱ्या कुणाकडून थेंब घालून घ्यावेत. टोकाला उरलेला थेंब झटकून मगच टोपण लावा. फिल्टर असला तरी टोक पापणीला लागू देऊ नका.

एकाच थेंबावर असाल आणि डोळे ठीक असतील, तर बदलण्याची घाई नको. दोन-तीन बाटल्या चालू असतील, डोळे कोरडे असतील किंवा पुढे ऑपरेशन ठरत असेल, तर मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा. डॉर्झोलामाइड आणि टिमोलॉल ही काचबिंदूची दोन औषधं एकाच बाटलीत मिळतात. तेवढ्यानेही बीएकेचा रोजचा मारा कमी होतो. चुरचुरीवर कृत्रिम अश्रू घेताना त्यांचंही लेबल वाचा. त्यातही बीएके निघालं, तर त्रास उलट वाढतो.

पापण्यांचे केस वाढणं आणि डोळ्यांभोवतीची त्वचा काळवंडणं थांबत नाही. ते औषधाचंच काम. थोडी लालीही राहू शकते.

ही बाटली सगळ्या केमिस्टांकडे नसते, तेव्हा संपायच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा. नाहीच मिळाली, तर डॉक्टरांना विचारून तोवर जुनीच वापरा, पण रात्रीचा थेंब चुकवू नका.