वॉशिंग्टनची युद्धस्मारके: मोजायची रीत समजून घेऊन बघा

नॅशनल मॉल, म्हणजे वॉशिंग्टनच्या मध्यभागच्या लांबट सार्वजनिक हिरवळीवरची युद्धस्मारके बरेच जण तासाभरात उरकतात. मी इतिहास शिकवते, म्हणून मला एकच गोष्ट बघायची होती: कोणत्या युद्धात अमेरिकेचे किती सैनिक गेले, हे ही स्मारके सांगतात का? सांगतात, पण प्रत्येकाचा हिशेब निराळा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकात एका भिंतीवर 4,048 सोनेरी तारे आहेत. एक तारा म्हणजे 100 मृत सैनिक. अधिकृत आकडा 4,05,399. भिंत देखणी आहे, पण तिच्यावर एकही नाव नाही. शंभर घरांचे दुःख एका ताऱ्यात मावत नाही, असे मला तिथे उभी असताना फार वाटले.

व्हिएतनामच्या भिंतीसाठी मात्र सगळ्यात जास्त वेळ ठेवा. माया लिन यांनी हा आराखडा केला तेव्हा त्या शिकत होत्या. 1982मध्ये भिंत उभी राहिली. काळा ग्रॅनाइट भारतातला, बेंगळुरूजवळचा. त्यावर 58 हजारांहून अधिक नावे, तीही आडनावांप्रमाणे नव्हे, तर तारखेप्रमाणे. भिंत मध्ये कोनात वळते; त्या मधल्या कोपऱ्यातून सुरू होऊन नावे उजवीकडे जातात, मग डाव्या टोकापासून परत कोपऱ्याशी येतात. त्यामुळे भिंतीच्या कडेने चालता चालता युद्ध कसे चिघळत गेले ते कळते. 1968ची नावे संपता संपत नाहीत. त्या एका वर्षात 16 हजारांवर सैनिक गेले. एखादे नाव हवे असेल तर तिथल्या नावांच्या वहीत शोधता येते. स्वयंसेवक कागद-पेन्सिल देतात, नाव कागदावर उमटवून घ्या.

कोरियाच्या स्मारकात थोडे थांबून विचार करा. पोलादी सैनिकांचे 19 पुतळे आहेत, आणि दगडात अमेरिकी मृतांचा आकडा कोरला आहे 54,246. पण 2022मध्ये उभारलेल्या भिंतीवर अमेरिकी नावे 36 हजारांच्या आसपास. कारण असे की, जुन्या आकड्यात त्या वर्षांत जगात इतरत्र अपघाताने किंवा आजाराने मेलेले सैनिकही धरले होते. माझ्या मते हे वाचूनच तिथे जावे, नाहीतर व्हिएतनाम आणि कोरिया जवळजवळ सारखेच रक्तरंजित वाटतात.

पहिल्या महायुद्धाचे स्मारक थोडे लांब, पर्शिंग पार्कात आहे. 1,16,516 मृतांपैकी निम्म्याहून अधिक लढाईत नव्हे, तर मुख्यतः इन्फ्लुएन्झाने आणि इतर आजारांनी गेले. अमेरिकेच्या यादवी युद्धासाठी नदीपलीकडे आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जा. तिथे एकाच थडग्यात 2,111 अनोळखी सैनिक आहेत. त्या युद्धाचे एकूण मृत 6,20,000 मानले जायचे. 2011च्या एका अभ्यासाने अंदाज 7,50,000 पर्यंत नेला.

या सगळ्या भिंती फक्त मृतांच्या आहेत. फक्त मृत मोजून तुलना केली तर इराकचे युद्ध लहान दिसते, कारण तिथे लढाईत साधारण साडेतीन हजार गेले. पण जखमी झाले सुमारे 32 हजार. रणांगणावरच्या उपचारांनी ते वाचले आणि अनेकांना जन्माचे अपंगत्व आले. म्हणून कॅपिटॉलजवळचे, म्हणजे संसद भवनाजवळचे, 2014मध्ये खुले झालेले अपंग सैनिकांचे स्मारक वगळू नका. प्रवेश सगळीकडे मोफत आहे.