हिट अँड मिस इंजिन घरी बनवलं, त्याला नऊ महिने झाले

घरी येणारा प्रत्येक जण आधी हेच म्हणतो, "अहो, मिसफायर मारतंय!" एक फट्, मग दोन-तीन सेकंद नुसतं फुस्-फुस्, फ्लायव्हील, म्हणजे बाजूची जड चाकं, आपले फिरत राहतात आणि मग पुन्हा एक फट्. बिघाड काही नाही, हे इंजिन चालतंच असं. आणि याचं काम किती नीट झालंय हे बघायचं असेल तर त्या दोन फट्‌मधली शांतता मोजावी. दिवाळीच्या पाडव्याला माझं इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा ही शांतता जवळजवळ नव्हतीच. आज आषाढ संपत आलाय आणि ती तीन सेकंदांवर गेलीय. मधल्या काळात काय काय केलं ते लिहितो.

सामान फार नाही. नाशिकला पाथर्डी फाट्याकडे आमचं रो-हाऊस आहे, तिथे जिन्याखाली सात बाय चौदा इंचांचा मिनी लेथ, बेंच ड्रिल आणि एक जुना व्हाइस. नोकरी सातपूरला, क्वालिटीमध्ये. म्हणजे दुसऱ्याने कापलेले जॉब (सुटे भाग) रिजेक्ट करायची सवय, स्वतः कापायची नव्हती. बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) 25 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 38, फ्लायव्हील 125 चे. रविवार-रविवार करत चौदा महिने गेले. लेथ सोडून खर्च साधारण सतरा हजार, त्यात मोडलेले टॅप (आटे पाडायची हत्यारं) धरलेले नाहीत. ते धरायचे नसतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत शेतावर पाणी उपसायला, लाकूड कापायला, मका सोलायला अशी इंजिनं साधारण 1890 पासून पुढची चार-पाच दशकं होती. आपल्याला हिरव्या ट्रॅक्टरमुळे माहीत असलेल्या जॉन डिअरचं मॉडेल ई 1923 साली बाजारात आलं, तेही याच जातीचं. यात वेग आवरायला थ्रॉटल नसतो. वेग ठरलेल्या मर्यादेवर गेला की फ्लायव्हीलवरची वजनं बाहेर फाकतात, कॉलर सरकते आणि एक खटका पुशरॉडच्या खाचेत अडकून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारा) उघडाच धरून ठेवतो. हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हला उघडायला कॅम नाही, तो पिस्टनच्या ओढीने उघडतो. एक्झॉस्ट उघडा म्हटल्यावर ओढ कसली? मग पेट्रोल आत येत नाही, कॉम्प्रेशन होत नाही, चाकं नुसत्या जोरावर फिरतात. वेग उतरला की खटका सुटतो आणि एक फट् होते. ही फट् म्हणजे हिट, मधलं प्रत्येक रिकामं आवर्तन म्हणजे मिस.

यातून मी शिकलो ते एवढंच: आतली प्रत्येक घासण त्या शांततेतून वजा होते. पहिल्यांदा सोपं पडावं म्हणून पिस्टनला व्हिटॉनची (उष्णता सोसणाऱ्या रबराची) ओ-रिंग घातली होती. कॉम्प्रेशन झकास, पण घासण इतकी की एका हिटला फार तर दोन मिस. जानेवारीत हिय्या करून बिडाच्या दोन रिंगा टर्न केल्या आणि गॅप 0.1 मिलिमीटर ठेवली. पहिल्या तीन बसवतानाच मोडल्या. बोअर लॅप करताना, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करताना, तर आधी वाटलं, रिबोअरवाल्याकडे टाकू. द्वारकेजवळच्या एकाने लायनर हातात घेऊन विचारलं, "भाऊ, याला होन (घासायचं हत्यार) कुठून घालू, नाकातून?" शेवटी ॲल्युमिनियमचा लॅप केला आणि ग्राइंडिंग पेस्ट लावून दोन रविवार हातानेच घासलं. बिडाच्या रिंगांनी सुरुवातीला धूर काढला, तेल ओकलं, पण चार-पाच तास चालल्यावर मिस पाचवर आले. मार्चमध्ये सहा. आता हॉपरमधलं (सिलेंडरभोवतीच्या टाकीतलं) पाणी कोमट झालं की आठ. 350 आरपीएमला आठ मिस आणि एक हिट, म्हणजे नऊ आवर्तनं, प्रत्येकाला दोन फेऱ्या धरून अठरा फेऱ्या, म्हणजे तीन सेकंद.

आमचे बाबा निफाड तालुक्यातले. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा टुक-टुक आवाज ऐकत मोठे झाले. त्यांना हे आधी अजिबात पटलं नाही. "अरे, इंजिन म्हणजे कसं एका ठेक्यात पाहिजे. हे काय, आठवण आली की वाजतंय." त्यांच्या इंजिनाचा गव्हर्नर डिझेल कमी-जास्त करायचा, याचा गव्हर्नर अख्खा श्वासच अडवतो, असं सांगून पाहिलं. आता ते खुर्ची टाकून बोटांवर मिस मोजतात. सहाच्या खाली आले की मला हाक, "तेल घाल रे." आणि बहुतेक वेळा थेंब-थेंब तेल सोडणारा ड्रिप ऑइलर खरंच अडकलेला असतो.

सर्वांत जास्त छळ केला तो खटक्याने. साध्या माइल्ड स्टीलचा केला होता. दोन महिन्यांत इंजिन मध्येच पळायला लागलं, एकामागून एक हिट, वेग चढतोच आहे. आधी स्प्रिंगवर संशय घेतला, तीन स्प्रिंगा बदलल्या. मग भिंगातून खटका पाहिला तर धार गेलेली, कडेला केसाएवढी गोलाई आणि त्या गोलाईवरून पुशरॉड अलगद निसटतोय. ओएचएनएसचा (तेलात बुडवून कडक होणाऱ्या पोलादाचा) तुकडा घेतला, घासला, गॅसवर लाल करून तेलात बुडवला आणि पुन्हा हलकं तापवून वाळलेल्या गवताच्या रंगावर टेंपर केला. पुशरॉडवरची खाचही तशीच केली. तेव्हापासून कानसही लावलेली नाही. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. स्वयंपाकघरातला गॅस वापरल्याबद्दल काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी चूक हौसेची. आवाज कमी व्हावा म्हणून लांब, बारीक सायलेन्सर लावला. दिसायला छान, पण मिस चालू असतानाही पेट्रोल संपायला लागलं आणि मध्येच सायलेन्सरमध्ये धाड! कारण समजायला आठवडा गेला. बारीक नळीतून हवा पुरेशी आत-बाहेर होईना, सिलेंडरमध्ये थोडी ओढ तयार व्हायची आणि तेवढ्यानेच इनटेक उघडून घोटभर पेट्रोल घ्यायचा. सायलेन्सर आखूड आणि रुंद केला, थांबलं. इनटेकची स्प्रिंगही नाजूक काम आहे. बॉलपेनमधली फार कडक, इंजिन उपाशी राहतं. मी 0.3 मिलिमीटरच्या तारेची स्वतः गुंडाळली, चौथी जमली.

इग्निशनला बाईकची कॉइल, 12 व्होल्टची जुनी यूपीएस बॅटरी आणि बाईकचाच 10 मिलिमीटर आट्यांचा प्लग. प्लग या इंजिनावर टोपी घातल्यासारखा दिसतो, पण कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. ठिणगीचा पॉइंट (संपर्काचा स्विच) पुशरॉडवरच बसवलाय, म्हणजे मिसच्या वेळी ठिणगी नाही आणि बॅटरीही वाचते. फक्त इंजिन थांबलं की स्विच बंद करायची आठवण ठेवा. एकदा पॉइंट जुळलेल्या स्थितीत थांबलं, मी जेवायला गेलो, परत आलो तर कॉइलला हात लावता येईना.

फ्लायव्हीलचं ओतीव काम ज्यांनी करून दिलं त्यांच्यावर माझा राग अजून आहे. सागवानी पॅटर्न मी नीट करून दिला होता. एकाच्या आऱ्यात ब्लोहोल (हवेचं भोक) आणि दुसऱ्याच्या कडेला चिल झालेलं, म्हणजे झटकन थंड झालेलं, इतकं कडक बीड की दोन टूल गेले. "शोभेचंच आहे ना?" हे उत्तर मिळालं. भोक भरून रंगवलं, पण मला ते रोज दिसतं.

हवामानाचंही थोडं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी इंजिन काही केल्या घेत नव्हतं, तेव्हा आंघोळीचं कढत पाणी हॉपरमध्ये ओतलं आणि तिसऱ्या झटक्याला चालू. पावसाळा जास्त वाईट. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं. जूनमध्ये तीन आठवडे टाकीत तसंच ठेवलं, तर मिक्सरच्या (इंजिनाच्या साध्या कार्ब्युरेटरच्या) पितळी सुईवर हिरवट साका आणि रबरी नळी कडक. आता प्रत्येक वेळी टाकी रिकामी करतो, हॉपर कोरडा करतो आणि फ्लायव्हीलला तेलाचा फडका.

सायकलचा जुना डायनॅमो पट्ट्याने जोडलाय. दिवा लावला की आठाचे तीन मिस होतात, विझवला की हळूहळू परत आठ. लहान मुलं आली की तेच करत बसतात.

सध्या डाव्या फ्लायव्हीलकडून हिटच्या वेळी बारीक ठक् येतेय. मी बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा) उघडून बसलो होतो, तो ठणठणीत निघाला. फ्लायव्हील शाफ्टवर पक्कं धरणारी चावी सैल झालीय. नवी चावी कापायचीय, पण सध्या लेथवर शेजाऱ्यांच्या गेटचे बुश चढलेत, त्यामुळे गणपतीनंतर.