इबेरियन, केल्टिबेरियन की लुसिटानियन: पहिली आर्मी कुठली घ्यायची?

टेबलावर छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून लढाया खेळायच्या वॉरगेमिंगमध्ये प्राचीन स्पेनची आर्मी म्हटलं की बरेच जण सगळं एकच समजून दिसेल तो बॉक्स उचलतात, मग टेबलावर उतरवल्यावर कळतं की या तिघांची लढायची तऱ्हाच वेगळी.

इबेरियन म्हणजे पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याकडचे. दिसायला सगळ्यात देखणे हेच, कानेच्या लढाईत (इ.स.पू. २१६) कार्थेजच्या हॅनिबलच्या बाजूने रोमनांशी लढले तेव्हाचे त्यांचे जांभळट लाल काठाचे अंगरखे ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने नोंदवून ठेवलेत. फाल्काटा तलवार आतल्या बाजूने वळलेली, आपल्या कोयत्यासारखी, टोकाकडे जड. अंगरखा रंगवताना थेट पांढरा मारू नका, आधी फिकट राखाडी, मग फक्त उंचवट्यांवर पांढरा आणि काठ शेवटी, बारीक ब्रशने एका दमात. मी एका फिगरला अर्धा तास देतो आणि तो वसूल होतो. कार्थेजबरोबर खेळवायचं असेल तर डोळे झाकून हेच घ्या.

केल्टिबेरियन स्पेनच्या मधल्या मेसेटा पठारावरचे, नुमांशिया शहर यांचंच. काळे खरखरीत लोकरीचे झगे, कुणाकडे लांबट ढाल, कुणाकडे गोल, आणि घोडेस्वार गरज पडली की उतरून पायी लढायचे. इ.स.पू. १३७ ला मँकिनस हा रोमन कॉन्सल अख्ख्या सैन्यासकट यांना शरण गेला, शेवटी स्किपिओ या रोमन सेनापतीने नुमांशियाला चहूबाजूंनी वेढा घालून उपासमार केली तेव्हा कुठे १३३ ला शहर पडलं. रोमनांनी आपली ग्लेडियस तलवारही स्पेनकडूनच उचलली. समोरासमोर भिडायला आवडत असेल तर यांच्याइतकी मजा दुसऱ्या कुणात नाही.

लुसिटानियन पश्चिमेचे. गनिमी कावा म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको, त्यांचा नेता विरियाथस तेच करायचा: भाले फेकायचे, पळाल्यासारखं करायचं, शत्रू मागे विस्कटला की उलटून तुटून पडायचं. इ.स.पू. १४७ पासून त्याने रोमनांना दमवलं, १३९ ला त्याच्याच माणसांनी लाच घेऊन झोपेत मारला, ते वाचताना अजून वाईट वाटतं. पण टेबलावर डोंगर, झाडी नसेल तर ही आर्मी उघडी पडते, सपाट मैदानावर रोमन लीजन समोर आली की फार काही हातात राहत नाही, त्यामुळे तुमचा ग्रुप टेरेन भरपूर मांडत असेल तरच घ्या.

माझं मत विचाराल तर पहिली आर्मी केल्टिबेरियन, चूक झाली तरी सावरायला वाव देते. पण खरेदीची सुरुवात केत्रा, म्हणजे छोटी गोल ढाल, घेतलेल्या हलक्या पायदळाच्या बॉक्सने करा, कारण ती माणसं तिन्ही आर्म्यांत चालतात, फक्त अंगरख्याचा रंग मातकट ठेवा, लाल काठ नको. डीबीए या वॉरगेमच्या नियमांनी खेळणार असाल तर १२ बेसमध्येच (बेस म्हणजे मूर्ती चिकटवायची पट्टी) काम होतं, त्यामुळे खर्चही आवाक्यात. ढाली वेगळ्या रंगवून मगच चिकटवा, नाहीतर मागचा हात रंगवताच येत नाही.