दात किडतो तो कुणामुळे? सगळ्या जंतूंमुळे, एकामुळे की तोंडातल्या वातावरणामुळे?

माउथवॉश घ्यावा, ब्रशवर भागवावं की गोडाला आवर घालावा? यातलं काहीही निवडलं, तरी आपण नकळत एका सिद्धांताची बाजू घेतो.

सर्वांत जुना विचार सरळ आहे: दातांवरचा जंतूंचा थर वाढला की धोका वाढला. दंतसंशोधक विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडलं, की जंतू साखर-पिठापासून आम्ल बनवतात आणि ते दात विरघळवतं. ठपका कुणा एका जंतूवर नव्हता. हिरड्यांच्या बाबतीत हे आजही पटतं. १९६५ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात निरोगी माणसांनी दात घासणं थांबवलं, तर तीनेक आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासायला लागताच त्या बऱ्याही झाल्या. पण थर असूनही काहींचे दात किडत नाहीत, ते का, हे इथे सुटत नाही.

दुसरा सिद्धांत संशोधक वॉल्टर लोएश यांचा. त्यांनी १९७६ मध्ये मोजकेच जंतू गुन्हेगार ठरवले. कीडीसाठी बोट गेलं स्ट्रेप्टोकोकस म्युटन्सकडे. तो साखरेपासून चिकट जाळं विणून दाताला धरून बसतो आणि आम्लातही तगतो. पुरावा भक्कम आहे, पण हा जंतू कीड नसलेल्या तोंडातही सापडतो आणि त्याच्याविना कीड लागलेलीही दिसते. शिवाय जंतुनाशकाने तो हटवला, तरी खाणं तेच राहिलं की परततो.

तिसरा सिद्धांत, म्हणजे संशोधक फिलिप मार्श यांची १९९४ ची मांडणी, मला कीडीसाठी सर्वांत उपयोगी वाटते. जंतू आपलेच, नेहमीचेच. बिघडतो तो त्यांच्यातला तोल. गोड घोट घेतला की काही मिनिटांत थरातला पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) घसरतो. साधारण ५.५ च्या खाली इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातली, खनिजं सुटू लागतात. लाळेला पीएच पूर्वपदावर आणायला अर्धा-एक तास लागतो. तेवढ्यात दुसरा घोट गेला, की आम्लप्रिय जंतूंचंच फावतं. म्हणून एकदाच पोटभर गोड खाणारा दिवसभर चघळणाऱ्यापेक्षा बरा, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी!

तेव्हा हिरड्यांसाठी पहिला सिद्धांत धरा आणि नीट घासा. कीडीसाठी तिसरा: गोडाच्या वेळा कमी करा, फ्लोराइडची पेस्ट वापरा. निव्वळ जंतू मारण्यावर पैसे घालणं मला शेवटचं वाटतं. औषधांमुळे तोंड कोरडं पडत असेल, तर मात्र घरच्या घरी सिद्धांत निवडत बसू नका. लाळ कमी म्हणजे आम्ल आवरणारंच कुणी नाही, तेव्हा आधी दंतवैद्याला गाठा.