जुनी पिकअप पुण्याहून बंगळूरला: चालवत न्यायची की लादून?

घर हलवताना फ्रिज, कपाटं, पुस्तकं यांचा हिशेब एका संध्याकाळी लागतो. घोडं अडतं ते ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीपाशी. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाची बदली बंगळूरला झाली तेव्हा आमचं असंच झालं. त्याच्याकडे विलीजची (जीप बनवणाऱ्या कंपनीची) जुनी पिकअप आहे, मळ्यावरून वारशाने आलेली. महिनाभर आम्ही दोघं भाव विचारत, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत चकरा मारत फिरलो. ज्यांना असाच निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासाठी हा लेखाजोखा. गाडी विलीज नसून पिंपरीत बनलेली टाटामोबाइल 206 असेल किंवा आकुर्डीची मॅटाडोर पिकअप असेल, तरी बहुतेक गोष्टी त्याच.

सगळे पहिल्यांदा भाडं विचारतात, आम्हीही तेच केलं. पण जुन्या गाडीच्या बाबतीत आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: पुण्यापासून बंगळूरपर्यंत ही गाडी किती अनोळखी माणसं सुरू करणार, किती वेळा चढवणार, किती वेळा उतरवणार? विलीजचा स्टार्टर पायाने दाबायचा असतो, चोक किती ओढायचा हे तिच्या मालकालाच कळतं, पहिला गिअर सिंक्रोमेशचा नाही (म्हणजे गाडी चालू असताना तो सहज पडत नाही), आणि हँडब्रेक मागच्या चाकांना न धरता ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला धरतो. यार्डातल्या पोराने आयुष्यभर स्विफ्ट आणि क्रेटा चढवल्या असतात. तो काय करणार? किल्ली फिरवत बसणार, बॅटरी उतरवणार आणि मग चारजण मिळून ढकलणार, तेही मडगार्डला हात लावून.

आठ गाड्यांच्या कंटेनरमध्ये एक जागा

चाकण-तळेगाव रस्त्यावर जे लांबलचक बंद कार-कॅरिअर दिसतात, त्यांतली एक जागा आपण भाड्याने घ्यायची. सगळ्यांत स्वस्त पर्याय हाच. शिवाय गाडीला ऊन-पाऊस लागत नाही. बंगळूरजवळच्या बिडदीहून नवीन गाड्या घेऊन पुण्याकडे आलेला कॅरिअर परतीला रिकामा निघणार असेल तर भाव आणखी खाली येतो, म्हणून ‘रिटर्न लोड आहे का’ हे विचारायलाच हवं. ऑफिसची पोलो किंवा आय-टेन न्यायची असती तर मी डोळे मिटून हाच पर्याय घेतला असता.

पिकअपसाठी मात्र अडचणी सुरू होतात. एवढा लांब कॅरिअर कोथरूडच्या गल्लीत येत नाही, त्यामुळे गाडी एक तर तुम्ही यार्डात पोचवायची, नाही तर त्यांचा माणूस घेऊन जाणार. झाला पहिला अनोळखी हात. तिथे गाडी आठ-दहा दिवस उभी राहू शकते, कारण कंटेनर भरल्याशिवाय निघत नाही. आतले मजले मोटारींच्या उंचीला बेतलेले असतात. विलीज पिकअप जमिनीपासून छपरापर्यंत सहा फुटांच्या वर भरते, तेव्हा मोजमाप आधी कळवलं नाही तर ऐनवेळी ‘साहेब, ही बसत नाही’ ऐकायची तयारी ठेवा. चढायला ती स्वतःच्या इंजिनावर चालायला हवी, आणि ब्रेक पहिल्याच दाबात लागायला हवेत.

एका मित्राने त्याची जुनी जीप अशी पाठवली होती. ‘थेट जाते’ असं बुकिंगवाल्याने सांगितलं होतं, प्रत्यक्षात गाडी वाटेत दुसऱ्या कॅरिअरवर बदलली गेली. बंगळूरला पोचली तेव्हा एका बाजूच्या फाळक्याची साखळी नव्हती आणि क्लच जळल्याचा वास येत होता. साखळी शंभर-दोनशे रुपयांची. क्लचसाठी मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागला. गंमत म्हणजे ज्याने बुकिंग घेतलं त्याच्या मालकीचा एकही ट्रक नव्हता, तो नुसता दलाल होता. म्हणून पैसे देण्याआधी बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, कोणाच्या नावाने फाटणार, हे विचारून घ्या.

एकच गाडी, एकच ट्रक

यात दोन प्रकार येतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला आपल्याकडचा जुना जुगाड: सतरा किंवा एकोणीस फुटी आयशर ठरवायचा, तो माल चढवायच्या धक्क्याला लावायचा आणि पिकअप त्याच्या हौद्यात चालवत घालायची. विलीज पिकअप लांबीला पंधरा फुटांहून थोडी जास्त, वजनाला दीड टनाच्या आसपास, तेव्हा ती सतरा फुटांत बसते. पण रुंदीकडे कोणी बघत नाही. हौद्याच्या दोन फाळक्यांमध्ये गाडी शिरली की दार उघडत नाही, ड्रायव्हर खिडकीतून बाहेर येतो, आणि त्याच्या पॅन्टच्या बकलाने दाराचा रंग ओरबाडला जातो. बंगळूरच्या टोकाला धक्का मिळाला नाही तर कोणीतरी ‘हायड्रा बोलावू’ म्हणतं, म्हणजे चाकांवरची क्रेन. हायड्राचे पट्टे गाडीच्या पोटाखालून घेतले की वर उचलताना ते आत आवळले जातात आणि मडगार्ड, फूटबोर्ड यांचा चेंदामेंदा करतात. वर आडवी दांडी लावून पट्टे सरळ ठेवणारा क्रेनवाला भेटला तर ठीक. नाही तर नकोच.

दुसरा प्रकार फ्लॅटबेडचा. त्याचा फलाट हायड्रॉलिकने मागे सरकून जमिनीला टेकतो आणि विंचने, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राने, गाडी हळूच वर ओढून घेतो. इंजिन सुरू करायची गरज नाही, धक्का नको, क्रेन नको. तुमच्या दारात चढते, तिकडच्या दारात उतरते. शहरातल्या ब्रेकडाउनसाठी हे ट्रक सगळ्यांनी पाहिले आहेत, लांब पल्ल्याला येणारे त्यांच्यापैकी कमी. भाडं मोजताना तो जाण्यायेण्याचे किलोमीटर धरतो, त्यामुळे आकडा शेअर कॅरिअरच्या कितीतरी पुढे जातो आणि सुरुवातीला तोंडाला फेस येतो. आम्ही शेवटी हाच घेतला. मावसभाऊ ड्रायव्हरशेजारी बसून गेला.

फ्लॅटबेडची खोट उघडेपणात आहे. जून ते सप्टेंबरमध्ये कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातला पाऊस लाकडी तळाच्या गाडीला चांगला नाही. म्हणून लोक ताडपत्री टाकतात, आणि ती सैल राहिली की आठशे किलोमीटर रंगावर सँडपेपरसारखी घासत जाते. टाकायचीच असेल तर आतून जुनी सुती चादर घाला आणि ताडपत्री अशी आवळा की वाऱ्याने फडफडता कामा नये. शो-गाडीसारखा ताजा रंग दिलेला असेल तर एका गाडीचा बंद कंटेनर शोधा. महाग आहे, पण रंगकाम कितीला झालं ते आठवून ठरवा.

बांधण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. या गाड्या पाट्यांच्या स्प्रिंगवर डोलतात. बंपरला किंवा हौद्याच्या कडीला दोर बांधला तर प्रत्येक खड्ड्यात बॉडी ओढली जाते. पट्टे चाकांवरून किंवा अॅक्सलवरून घ्यायचे, म्हणजे खालचं धूड पक्कं राहतं आणि वरची बॉडी आपली हलायची तेवढी हलते. गिअर टाकून ठेवा, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका, चारही चाकांना लाकडी ठोकळे हवेत. वीस-पंचवीस किलोमीटरवर गाडी बसते आणि पट्टे सैल पडतात. ड्रायव्हरला खेड-शिवापूरच्या टोलनाक्याजवळ थांबून ते पुन्हा आवळायला सांगा. आमच्या ड्रायव्हरला सांगावं लागलं नाही, तो आपणहून उतरला, आणि तिथेच मला या माणसाचा भरवसा वाटला.

चालवत न्यायची असेल तर

खरं सांगायचं तर मनातून सगळ्यांना हेच हवं असतं. पुणे ते बंगळूर साधारण 840 किलोमीटर. तासाला पन्नास-साठच्या पुढे ही गाडी सुखाने पळत नाही, तेव्हा तीन दिवस धरा: पहिला मुक्काम बेळगाव, दुसरा दावणगेरे. लिटरला सात-आठ किलोमीटर हिशेबाने 105 ते 120 लिटर पेट्रोल, म्हणजे अकरा-बारा हजार तिथेच गेले. मुक्काम, जेवण, टोल वेगळे. ‘चालवत नेली की फुकट’ हा गैरसमज आधीच काढून टाका.

रस्ता राष्ट्रीय महामार्ग 48, मोठा आणि ओळखीचा. पण साताऱ्याकडे जाताना जुना बोगदा आपल्या वाट्याला येत नाही, खंबाटकीचा घाट चढावा लागू शकतो. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना जुन्या रेडिएटरची खरी परीक्षा होते. निपाणीजवळचा तवंदी घाट त्या मानाने सौम्य. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुने रबरी पाइप, गाडीतल्या इंधन-पंपाचा पडदा, कॉर्कचे गॅस्केट त्याने फुगतात, झिरपतात. उन्हाळ्यात पाइपमधलं पेट्रोल वाफ होऊन गाडी चढावर बंद पडते ती वेगळीच. सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे बदलले असतील, आणि गेल्या महिन्यात पुणे-महाबळेश्वर-पुणे विनातक्रार झालं असेल, तर जरूर चालवत न्या. बाकी कुठल्याही पर्यायात अनोळखी हातांचा आकडा शून्य नसतो, इथे असतो. गाडी दोन वर्षं उभी असेल तर मात्र हा हट्ट करू नका.

कागदांनीही हा पर्याय बंद होऊ शकतो. 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट घेतलेली असेल, तर ती गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर येऊ शकते. घर हलवणं त्यात बसत नाही. अशी गाडी लादूनच न्यायची. उलट पिवळ्या पाटीची मालवाहू पिकअप असेल तर एकूण वजन 3000 किलोच्या आत असल्यास परमिट लागत नाही, फिटनेस मात्र चालू हवं.

टोचन आणि रेल्वे

टोचन करून नेण्याचा विचारही नको. मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने आतलं तेल वर उडत नाही. प्रॉपेलर शाफ्ट सोडवला तर चालतं, पण आठशे किलोमीटर? वर्कशॉपपर्यंत ठीक आहे.

रेल्वेने नव्या मोटारींचे रेक कंपन्यांसाठी जातात, एकट्यादुकट्याला त्याचा उपयोग नाही. कोकण रेल्वेची रो-रो (ट्रक चाकांसकट वॅगनवर चढवून नेणारी सेवा) 1999 पासून ट्रक वाहते. गोव्याला राहायला जाणाऱ्याने तिची चौकशी करावी, बंगळूरच्या वाटेवर ती नाही.

बिल्टी, विमा, आरटीओ

आता पैशांच्या गोष्टीकडे, कारण भाड्याची तुलना इथे उलटते. वाहतूकदाराकडून माल खराब झाला तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित असते, जास्त किंमत आधी लेखी जाहीर केली नसेल तर. समजा शेअर कॅरिअरचं भाडं 15 हजार. म्हणजे गाडी पूर्ण गेली तरी दीड लाख. फ्लॅटबेडचं भाडं 45 हजार असेल तर साडेचार लाख. तुमची पिकअप आठ लाखांची असेल तर दोन्ही अपुरे. म्हणून बुकिंगच्या फॉर्मवर गाडीची खरी किंमत लिहा. तो त्यासाठी जास्त दर मागू शकतो, तो द्या.

पॅकर्सवाले ‘इन्शुरन्स तीन टक्के’ म्हणून पैसे घेतात आणि हातात पावती ठेवतात. पावती म्हणजे पॉलिसी नव्हे. विमा कंपनीची, तुमच्या नावाची, गाडीच्या नंबरासकट ट्रान्झिट पॉलिसी मागा, आणि कव्हर ‘क्लॉज ए’चं, म्हणजे जवळजवळ सगळे धोके धरणारं, आहे का ते पाहा. ‘बी’मध्ये ठरावीक अपघातच येतात, ‘सी’मध्ये आगीपलीकडे फारसं काही नाही. गाडी पाच वर्षांहून जुनी असली की विम्याची किंमत दोघांच्या संमतीने ठरते, तेव्हा मूल्यमापनाचा कागद आधी करून ठेवा.

आरटीओचं काम निघण्याआधी पुण्यातच उरका. जुन्या ‘एमएच’पूर्व काळातल्या नंबरांची नोंद पुष्कळदा ऑनलाइन नसते, आधी बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागते. आरसीचं नूतनीकरण राहिलं असेल तर गाडी समोर उभी करावी लागते, आणि गाडी बंगळूरला असताना संगम पुलाजवळच्या पुणे आरटीओत ती उभी कशी करणार? एनओसीचा 28 नंबरचा फॉर्म त्यानंतर. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त राहणार असेल तर तिथे नोंदणी बदलणं भाग आहे. पेट्रोल इंजिन काढून कधीकाळी डिझेल बसवलं असेल, जसं असंख्य जुन्या जीपांत झालं आहे, तर आरसीवर ते चढलंय का हे आत्ताच बघा.

चढवण्याच्या दिवशी

टाकीत पाव टाकीहून जास्त पेट्रोल नको. बॅटरीची एक वायर काढा. हौद्यात गाद्या-भांडी भरायचा मोह होतो, तो आवरा, विमा त्याला लागू होत नाही आणि वजन पट्ट्यांवर येतं. जॅक, स्टेपनी, फाळक्याच्या साखळ्या, हबकॅप काढून घरच्या सामानात टाका. काचेवर फास्टॅग असेल तर त्यावर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा, नाही तर ट्रकवर बसून निघालेल्या गाडीचाही टोल कापला जाऊ शकतो.

चारही बाजूंनी, खालून आणि किलोमीटरच्या आकड्यासकट व्हिडिओ काढा, ड्रायव्हर चौकटीत असू दे. पोचल्यावर तो वही पुढे करेल, ‘सही करा साहेब, पुढे जायचंय’. तेव्हा आधी गाडीभोवती एक फेरी मारा आणि काही दिसलं तर सहीच्या वर, त्याच कागदावर लिहा: ‘डाव्या हेडलाइटची काच फुटलेली, मागचा फाळका वाकलेला’. दावा करायचा असेल तर वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत जायला हवी. मावसभावाने सही करण्याआधी अर्धा तास टॉर्च घेऊन गाडीखाली काढला. ड्रायव्हर तोवर शेजारच्या टपरीवर दुसरा चहा घेत होता.